ड्रुपल ७ वरील सभासद-व्यवस्था नव्याने उभारताना: खाते, सभासदत्व आणि अधिकार यांची फारकत

ड्रुपल ही संकेतस्थळे उभारण्याची आणि चालवण्याची मुक्तस्रोत प्रणाली आहे. तिची ड्रुपल ७ ही आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी प्रसिद्ध झाली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार थांबला. मूळ मुदत नोव्हेंबर २०२१ ची होती. ती तीन वेळा वाढवण्यात आली, तरीही वाचनालये, नाट्यसंस्था, गिर्यारोहण मंडळे आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळे यांसारख्या स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थांपैकी अनेकांची संकेतस्थळे त्याच आवृत्तीवर राहिली. जुनी प्रणाली जागच्या जागी नवी करण्याची सोय येथे नाही. नवे संकेतस्थळ वेगळे उभे करायचे आणि जुन्या डेटाबेसमधून माहिती त्यात ओतायची, हाच मार्ग आहे. लेख, छायाचित्रे आणि कार्यक्रमांच्या नोंदी या वाटेने फारशी अडचण न येता पलीकडे जातात. काम अडते ते सभासद आणि प्रशासन या दोन ठिकाणी, म्हणून हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

ते तेथे का अडते, हे आधी समजून घ्यावे. जुन्या संकेतस्थळातील भूमिकांची, म्हणजे खात्यांना दिलेल्या परवानग्यांच्या संचांची, यादी उघडली की बहुधा असे काही दिसते: वार्षिक सभासद, आजीव सभासद, कार्यकारिणी २०१४, ग्रंथपाल मदतनीस, तात्पुरता ॲडमिन. या यादीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. खाते म्हणजे व्यक्तीची संगणकीय ओळख. तिला मुदत नसते. सभासदत्व म्हणजे व्यक्ती आणि संस्था यांच्यातले नाते. त्याला आरंभ असतो, अखेर असते, वर्गणी असते आणि पावती असते. अधिकार म्हणजे सोपवलेले काम; ते सभासद नसलेल्या पगारी कारकुनाकडेही असू शकते आणि चाळीस वर्षे सभासद असलेल्या ज्येष्ठांकडे नसूही शकते. ड्रुपल ७ मध्ये खाते आणि भूमिका यांना जोडणाऱ्या तक्त्यात फक्त दोन रकाने होते, खात्याचा क्रमांक आणि भूमिकेचा क्रमांक. भूमिका कधी दिली, कोणी दिली आणि कधीपर्यंत दिली, याला त्या तक्त्यात जागाच नव्हती. नव्या आवृत्तीतही ती नाही. म्हणून जुन्या भूमिका जशाच्या तशा नव्या घरात नेल्या, तर जुना गुंताही त्यांच्याबरोबर येतो. पुढील सर्व पायऱ्या या तीन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: संगणक बंद ठेवून घटना वाचावी

संस्थेची नोंदणीकृत घटना घ्यावी आणि सभासदत्वाविषयीचे प्रत्येक कलम शब्दशः उतरवून काढावे. सभासदांचे प्रकार किती, वर्गणी कोणत्या तारखेला देय होते, अर्ज कार्यकारिणीच्या सभेत मंजूर व्हावा लागतो का, मतदानाचा हक्क प्रवेशानंतर किती दिवसांनी मिळतो, राजीनामा कोणाकडे द्यायचा, हे प्रश्न विकासकाने ठरवायचे नाहीत. त्यांची उत्तरे घटनेत असतात. घटना जेथे मौन बाळगते तेथे कायदा बोलतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्या अधिनियमाखालील कामकाजात त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. हे एक वाक्य संगणकाच्या भाषेत आणायचे म्हटले, तर ‘सभासद आहे’ किंवा ‘नाही’ असा एकच खुणेचा चौकोन पुरत नाही हे लगेच लक्षात येते. वर्गणी भरलेला, वर्गणी थकली पण तीन महिने पूर्ण न झालेला आणि तीन महिने उलटून गेलेला, अशा किमान तीन अवस्था लागतात.

या टप्प्यावर कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि प्रत्यक्ष नोंदवही सांभाळणारी व्यक्ती अशा तिघांना एकत्र बसवावे. घटनेत लिहिलेले आणि वर्षानुवर्षे होत आलेले यांत फरक असतोच. तो कागदावर यावा आणि त्याचा निर्णय संस्थेने घ्यावा. मी हा टप्पा एकदा घाईत उरकला आणि ‘कुटुंब सभासदत्व’ म्हणजे एक मत की दोन, हा वाद नवी मतदारयादी तयार झाल्यावर उभा राहिला. तेव्हा माहितीची सगळी रचना मोडून पुन्हा करावी लागली. तेव्हापासून घटनेची टिपणे पूर्ण झाल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही.

दुसरी पायरी: जुन्या खात्यांची छाननी

छाननी नेहमी जुन्या डेटाबेसच्या प्रतीवर करावी. प्रत काढल्याबरोबर ड्रश या ड्रुपलच्या आज्ञा-साधनातील एसक्यूएल सॅनिटाइझ ही आज्ञा चालवण्याची सवय लावून घ्यावी. ती सर्व खात्यांचे ईमेल पत्ते आणि पासवर्ड बनावट मूल्यांनी बदलते. चाचणीच्या संकेतस्थळावरून खऱ्या सभासदांना ‘आपले सभासदत्व संपले आहे’ असे पत्र जाणे यासारखी नामुष्की दुसरी नाही. अंतिम स्थलांतराच्या वेळी अर्थातच मूळ, न बदललेली प्रत लागते. ती वेगळ्या ठिकाणी, मोजक्या लोकांच्या हाती ठेवावी.

आता खात्यांचे गट पाडावेत. ड्रुपल ७ च्या युजर्स तक्त्यात शेवटच्या लॉगिनची वेळ असते. तेथे शून्य असेल तर त्या खात्याने कधीच प्रवेश केलेला नाही. नोंदणी सर्वांना खुली असलेल्या संकेतस्थळावर अशी खाती मोठ्या संख्येने सापडतात आणि त्यांतील पुष्कळशी जाहिरातबाजांच्या यंत्रांनी उघडलेली असतात. तरीही शून्य दिसले की खाते पुसावे, असा सरसकट नियम करू नये. संगणकाकडे कधीच न वळलेल्या ज्येष्ठ आजीव सभासदांची खाती कार्यालयाने उघडून दिलेली असतात आणि तीही शून्यच दाखवतात. कागदी नोंदवहीतील सभासद क्रमांकाशी मेळ लागतो का, हीच खरी कसोटी आहे. मेळ लागणारी खाती न्यावीत, लेख किंवा प्रतिक्रिया लिहिलेली खाती न्यावीत आणि उरलेल्यांची यादी कार्यकारिणीला दाखवून ती मागेच ठेवावीत. ‘कार्यालय’ किंवा ‘संपादक’ अशी चौघांनी मिळून वापरलेली खाती नव्या व्यवस्थेत कोणत्याही परिस्थितीत आणू नयेत, कारण त्यांच्या नावावर झालेल्या कामाची जबाबदारी कोणाचीच नसते.

नावांच्या शुद्धीकरणाकडे मराठी संस्थांनी विशेष लक्ष द्यावे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील ऱ्ह तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, र आणि त्याखालील नुक्ता अशा जोडीने, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह अशा क्रमाने. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एक लिहिले तर दुसरे सापडेलच असे नाही आणि एकाच व्यक्तीची दोन खाती तयार होतात. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा मात्र तसाच राहतो, त्यामुळे र, हलन्त आणि जोडचिन्ह हा क्रम शोधून त्याच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. हा नियम जुन्या माहितीवर एकदा आणि नव्या अर्जाच्या प्रत्येक नोंदीवर कायम लागू करावा. दूरध्वनी क्रमांक कोठे देवनागरी तर कोठे रोमन अंकांत लिहिलेले असतील, तर साठवताना एकाच अंकपद्धतीत आणावेत. नोंदवही श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत संगणकावर घेतलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून माणसाकडून वाचून घ्यावी. रूपांतरक रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका करतात आणि चुकीच्या आडनावाने आलेले पत्र सभासदाला लागते.

तिसरी पायरी: सभासदत्वाची स्वतंत्र नोंद

नव्या संकेतस्थळात सभासदत्वासाठी स्वतंत्र नोंदप्रकार तयार करावा. अनेक जण त्यासाठी लेखासारखा नेहमीचा आशयप्रकार वापरतात. झटपट काम होते, पण त्यात एक धोका दडलेला आहे: प्रसिद्ध झालेला आशय पाहण्याची परवानगी साधारणपणे पाहुण्यांनाही दिलेली असते, त्यामुळे एका चुकीच्या खुणेने पावती क्रमांक आणि पत्ता जगाला दिसू शकतो. ड्रशच्या जनरेट आज्ञेने स्वतंत्र एन्टिटीचा, म्हणजे अशा वेगळ्या नोंदप्रकाराचा, सांगाडा काही मिनिटांत तयार होतो. तिच्या परवानग्या वेगळ्या असतात आणि त्या जाणीवपूर्वक दिल्याशिवाय कोणालाही काही दिसत नाही. माझे मत या दुसऱ्या मार्गाच्या बाजूने ठाम आहे.

या नोंदीत मोजकेच रकाने असावेत: व्यक्तीचे खाते, सभासद क्रमांक, प्रकार, आरंभाची तारीख, अखेरची तारीख, भरलेली रक्कम, पावती क्रमांक आणि मंजुरीच्या सभेची तारीख. वर्गणी भरून मुदत वाढवली की जुन्या नोंदीतील तारीख पुढे ढकलू नये. नवी नोंद करावी. २०१९ मध्ये एखादा सभासद होता का, हा प्रश्न २०२६ मध्ये विचारला जातो आणि तारीख खोडून पुढे नेलेली असेल तर उत्तर हरवते. जन्मतारीख, व्यवसाय, रक्तगट यांसारखे जुन्या अर्जातून वारशाने आलेले रकाने एकेक करून तपासावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढीच माहिती घेण्याच्या तत्त्वावर उभा आहे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला तो बालक मानतो. बालवाचक विभाग चालवणाऱ्या संस्थेने पालकांच्या संमतीची सोय अर्जातच केली पाहिजे.

तारखांचा एक सापळा येथे तपशिलाने सांगणे आवश्यक वाटते. ड्रुपलमध्ये तारखेचा रकाना ‘फक्त तारीख’ किंवा ‘तारीख आणि वेळ’ अशा दोन प्रकारे करता येतो. दुसऱ्या प्रकारात साठवण जागतिक प्रमाणवेळेत होते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे, म्हणून ३१ मार्चची मध्यरात्र, म्हणजे तो दिवस उगवण्याचा क्षण, डेटाबेसमध्ये ३० मार्च, सायंकाळी साडेसहा असा नोंदला जातो. वेळेचा भाग कापून केवळ दिवस उचलला की साऱ्या वार्षिक सभासदांची मुदत एक दिवस आधी संपते. सभासदत्वाला वेळ नसते, दिवस असतो. म्हणून ‘फक्त तारीख’ हाच प्रकार निवडावा आणि जुनी माहिती आणताना प्रत्येक तारीख भारतीय वेळेत बदलून मगच तिचा दिवस घ्यावा. परदेशातील मंडळांनी आपापल्या वेळेनुसार हेच करावे.

सभासदाची अवस्था मात्र साठवू नये. ती तारखांवरून काढावी. सिव्हीसीआरएम या मुक्तस्रोत प्रणालीने हा विचार फार पूर्वीपासून नीट मांडला आहे. तेथे नवीन, चालू, सवलतीच्या मुदतीतील आणि मुदत संपलेला या अवस्था तारखांच्या नियमांवरून ठरतात आणि एक नियोजित काम त्या ताज्या ठेवते. ज्या संस्थेला देणग्या, कार्यक्रमांची नोंदणी आणि सामूहिक पत्रव्यवहारही एकाच ठिकाणी हवा आहे तिने स्वतः काही लिहिण्याऐवजी ड्रुपलसोबत सिव्हीसीआरएमच बसवण्याचा विचार करावा. काही शे सभासद आणि दोन-तीन प्रकार एवढाच व्याप असेल, तर ती प्रणाली शिकण्याचे ओझे स्वयंसेवकांना जड जाते, असा माझा अनुभव आहे.

अवस्था काढणारा नियम लिहिताना तो ‘आज’ या दिवसाला बांधून ठेवू नये. त्याला व्यक्ती आणि तारीख अशा दोन गोष्टी द्याव्यात आणि त्याने त्या तारखेची अवस्था सांगावी. मतदारयादी सभेच्या दिवसाची हवी असते, तर सभेची सूचना निघण्याच्या दिवशी यादी वेगळी असू शकते. नियम तारीख स्वीकारणारा असेल तर पुढच्या महिन्यातील सभेची आणि मागच्या वर्षातील सभेची यादी एकाच रीतीने निघते. लेखापरीक्षकांनी जुनी यादी मागितली, तर तीही तेथेच मिळते.

चौथी पायरी: स्थलांतर

ड्रुपल ११ ला पीएचपी या संगणकीय भाषेची ८.३ ही आवृत्ती लागते, सर्व्हर भाड्याने घेतानाच ते पाहावे. नवे संकेतस्थळ उभे राहिल्यावर त्यात एकही चाचणीचे खाते उघडण्याआधी स्थलांतराची तालीम करावी. याचे कारण असे की ड्रुपलचे स्वतःचे स्थलांतर-साधन खात्यांचे जुने क्रमांक कायम ठेवते. नव्या जागी आधीच पाच खाती असतील, तर जुन्या क्रमांकांची खाती त्यांच्यावर येऊन बसतात. पहिल्या क्रमांकाच्या खात्याबाबत हे हमखास घडते आणि नव्या संकेतस्थळाचा प्रमुख प्रशासक जुन्या संकेतस्थळाचा प्रशासक होऊन जातो. ते अपेक्षित आहे हे आधीच माहीत असावे आणि जुन्या खात्याचा पासवर्ड हाताशी असावा. तो नसेलच, तर ड्रशच्या युजर लॉगिन आज्ञेने एकवेळचा दुवा मिळतो.

पासवर्डांच्या बाबतीत याहून गंभीर अडचण आहे आणि तिच्यापायी पुष्कळ वेळ वाया जातो. ड्रुपल ७ पासवर्ड थेट साठवत नसे. एसएचए-५१२ वर आधारलेल्या पीएचपास पद्धतीने त्याचा ठसा काढून तो ठेवत असे. ते ठसे डॉलर-एस-डॉलर या खुणेने सुरू होतात. ड्रुपल १०.१ पासून मूळ प्रणाली पीएचपीच्या स्वतःच्या पद्धतीने ठसे घेते आणि जुने ठसे ओळखण्याचे काम ‘पासवर्ड कंपॅटिबिलिटी’ नावाच्या वेगळ्या मॉड्यूलकडे, म्हणजे प्रणालीत चालू-बंद करता येणाऱ्या जोडभागाकडे, गेले आहे. कोऱ्या नव्या संकेतस्थळावर ते चालू नसते. स्थलांतर बिनचूक होते, खाती दिसतात, पण एकालाही आत जाता येत नाही. मॉड्यूल चालू करताच जुना पासवर्ड स्वीकारला जातो आणि सभासदाने पहिल्यांदा प्रवेश केल्याबरोबर त्याचा ठसा नव्या पद्धतीने आपोआप बदलून ठेवला जातो. वर्षभरानंतर जुन्या खुणेचे किती ठसे उरले ते मोजावे, त्या सभासदांना पासवर्ड बदलण्यास सांगावे आणि मग मॉड्यूल काढून टाकावे.

भूमिका आणि परवानग्या स्थलांतरातून आणूच नयेत. जुन्या परवानग्यांपैकी अनेकांची नावे बदलली आहेत, काहींची मॉड्यूलच उरलेली नाहीत आणि नव्या आवृत्त्यांमध्ये अस्तित्वात नसलेली परवानगी भूमिकेला देऊ पाहिले की प्रणाली ती नाकारते. जुनी भूमिका ‘आजीव सभासद’ असेल, तर त्या खात्यासाठी आजीव प्रकाराची सभासदत्व नोंद तयार करणारा नियम लिहावा आणि आरंभाची तारीख कागदी नोंदवहीतून आणावी. तारीख सापडली नाही तर रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने १ जानेवारी लिहू नये, कारण काही वर्षांनी तो अंदाज कोणालाच आठवत नाही आणि सगळे त्यालाच खरे मानतात.

पाचवी पायरी: अधिकारांची वाटणी

आधी कागदावर एक तक्ता करावा: उभ्या बाजूस कामे, आडव्या बाजूस माणसे. कामे प्रत्यक्षातली असावीत: नवा अर्ज पाहणे, अर्ज मंजूर करणे, पावती नोंदवणे, पत्ता दुरुस्त करणे, मतदारयादी काढणे, लेख प्रसिद्ध करणे. त्यावरून भूमिका ठरतात आणि त्या बहुधा चार-पाचच निघतात. भूमिकांना पदांची नावे द्यावीत, व्यक्तींची किंवा वर्षांची देऊ नयेत.

ड्रुपलमधील ‘खात्यांचे प्रशासन’ ही परवानगी दिसते तेवढी साधी नाही. ती असलेली व्यक्ती कोणाच्याही खात्याचा ईमेल पत्ता आणि पासवर्ड बदलू शकते, म्हणजे ती कोणाच्याही नावाने आत जाऊ शकते. सभासदांचे पत्ते दुरुस्त करणाऱ्या मदतनीसाला जुन्या संकेतस्थळांवर सर्रास हीच परवानगी दिलेली आढळते, कारण दुसरा सोपा उपाय दिसत नसे. नव्या रचनेत पत्ता आणि दूरध्वनी सभासदाच्या वेगळ्या प्रोफाइल नोंदीत ठेवावेत आणि मदतनीसाला फक्त तेवढी नोंद बदलण्याची परवानगी द्यावी. कार्यवाहांना काही ठरावीक भूमिका देता-काढता याव्यात, पण प्रशासकाची भूमिका देता येऊ नये, यासाठी ‘रोल डेलिगेशन’ हे मॉड्यूल उपयोगी पडते.

पहिल्या क्रमांकाच्या खात्याला ड्रुपलमध्ये आरंभापासून सर्व परवानग्यांच्या पलीकडचे स्थान होते. आवृत्ती १०.३ पासून सेवांच्या सेटिंगमधून ते काढून घेता येते आणि ते काढून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. क्रम मात्र सांभाळावा: आधी दोन नावानिशी खात्यांना प्रशासकाची भूमिका द्यावी, दोघांनी प्रत्यक्ष प्रवेश करून पाहावा आणि मग ते स्थान बंद करावे. दोन यासाठी की एक जण परगावी असताना किंवा आजारी असताना संकेतस्थळ बंद पडू नये.

‘चालू सभासद’ ही भूमिका कोणीही हाताने देऊ किंवा काढू नये. रोज पहाटे चालणारे नियोजित काम तारखांवरून ती लावील आणि उतरवील. आवृत्ती १०.३ मध्ये आलेल्या ॲक्सेस पॉलिसी व्यवस्थेने भूमिका न लावताही परवानगी जागच्या जागी मोजता येते आणि तांत्रिकदृष्ट्या ते अधिक नेटके आहे. तरीही स्वयंसेवकांच्या संस्थेत मी नियोजित कामाची बाजू घेतो, कारण यादीत भूमिका डोळ्यांना दिसते आणि ‘मला अंक का उघडत नाही’ असे विचारणाऱ्या सभासदाला कार्यालयातील कोणीही उत्तर देऊ शकते. त्या कामाला एक लगाम घालावा: एका रात्रीत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक भूमिका उतरणार असतील, तर काहीही न बदलता थांबावे आणि कार्यवाहांना कळवावे. सर्वांची मुदत एकाच दिवशी संपत असेल, तर सवलतीचा काळ संपण्याच्या रात्री हा लगाम खरोखरच ओढला जाईल. तेव्हा यादी पाहून हाताने पुढे जाऊ द्यावे.

शाखा असलेल्या संस्थांनी शाखानिहाय भूमिका तयार करण्याच्या फंदात पडू नये. चार शाखांच्या वीस भूमिका होतात. ‘ग्रुप’ या मॉड्यूलमध्ये प्रत्येक शाखा एक गट होते आणि एखादी व्यक्ती ठाणे शाखेची चिटणीस व नाशिक शाखेची साधी सभासद असू शकते.

भूमिका आणि त्यांच्या परवानग्या नव्या ड्रुपलमध्ये कॉन्फिगरेशनचा भाग आहेत. त्या फाइलींच्या रूपात बाहेर काढून गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात ठेवाव्यात. कोणती परवानगी कधी आणि का वाढवली, हे मग इतिहासासह दिसते. ही सोय ड्रुपल ७ च्या मूळ प्रणालीत नव्हती.

सहावी पायरी: कार्यवाहांचा पडदा

रोज काम करणाऱ्याला संपूर्ण प्रशासकीय मेनू दाखवू नये. त्यासाठी एकच पान करावे: प्रलंबित अर्ज, या महिन्यात मुदत संपणारे सभासद, परत आलेली पत्रे आणि शोधाची चौकट. नव्या ड्रुपलमध्ये खात्यांची यादी ही ‘व्ह्यूज’ या याद्या बनवण्याच्या साधनाने बनवलेली असते, म्हणून तिच्यात सभासद क्रमांक, प्रकार आणि अखेरची तारीख हे रकाने सहज घालता येतात.

नोंदणीचा मार्गही येथेच दुरुस्त करावा. ‘प्रशासकाच्या मंजुरीने खाते’ ही सोय अनेक संस्था सभासदत्वाची मंजुरी म्हणून वापरतात आणि कार्यकारिणीची सभा होईपर्यंत अर्जदाराचे खातेच बंद राहते. त्याला स्वतःचा अर्ज कोठे आहे तेही पाहता येत नाही. ईमेल पडताळणी झाली की खाते उघडावे, सभासदत्वाची नोंद मात्र प्रलंबित ठेवावी आणि सभेनंतर ती मंजूर करावी. यंत्रांनी भरलेले अर्ज ‘हनीपॉट’ या मॉड्यूलने बरेच रोखले जातात. ते अर्जात माणसाला न दिसणारा रकाना ठेवते आणि तो भरणाऱ्याला नाकारते. चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची परीक्षा ज्येष्ठ सभासदांना घालू नये.

कोणी काय बदलले याची नोंद ठेवताना ड्रुपलच्या नेहमीच्या लॉगवर विसंबू नये. तो सुरुवातीच्या सेटिंगनुसार फक्त शेवटच्या १००० ओळी ठेवतो आणि गजबजलेल्या संकेतस्थळावर त्या लवकरच मागे पडतात. सभासदत्व नोंदीला आवृत्त्या ठेवण्याची सोय सुरू करावी आणि प्रत्येक बदलाबरोबर कारणाची एक ओळ सक्तीची करावी.

खाते बंद करण्याचे चार पर्याय ड्रुपल देते. त्यांतील दोन पर्यायांत खाते पुसले जाते आणि त्यांपैकी एकात त्या व्यक्तीचे सारे लेखनही पुसले जाते. हा शेवटचा पर्याय प्रशासकाखेरीज कोणाला दिसू देऊ नये. सभासदाचे निधन झाल्यास खाते स्थगित करावे, लेखन तसेच ठेवावे आणि सभासदत्व नोंदीत अखेरची तारीख घालावी. वर्गणीच्या स्मरणपत्रांच्या यादीतून ते नाव त्याच क्षणी गळले पाहिजे. घरच्यांच्या हाती ते पत्र पडणे टाळणे हे या साऱ्या खटाटोपातले फार मोठे काम आहे.

सातवी पायरी: तपासणी आणि बदलाचा दिवस

कागदावरचा अधिकार-तक्ता आता परीक्षेची प्रश्नपत्रिका होतो. प्रत्येक भूमिकेचे एक खाते आणि एक पाहुणा अशा सर्वांनी प्रत्येक पान उघडून पाहावे. ‘दिसले पाहिजे’ एवढेच तपासून थांबू नये; ‘दिसता कामा नये’ ही बाजू अधिक काळजीने तपासावी. पीएचपीयुनिट या साधनाच्या स्वयंचलित चाचण्या लिहू शकणारा कोणी असेल, तर हाच तक्ता चाचण्यांत उतरवावा.

बदलासाठी वर्गणीचा हंगाम आणि निवडणुकीचा काळ टाळावा. ठरलेल्या दिवशी जुने संकेतस्थळ देखभाल-स्थितीत टाकावे, म्हणजे नव्या नोंदी थांबतात. शेवटची प्रत काढून स्थलांतर चालवावे. खात्यांची, नोंदींची आणि प्रकारनिहाय सभासदांची संख्या जुन्याशी जुळवावी. मगच संकेतस्थळाचा पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवावा. स्थलांतर ‘अद्ययावत करा’ या पर्यायाने पुन्हा चालवले, तर दरम्यान नव्या जागी केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात, म्हणून या टप्प्यानंतर त्या आज्ञेला हात लावू नये.

सभासदांना पाठवायच्या पत्रात एकवेळचा प्रवेश-दुवा घालू नये. त्याची मुदत सामान्यतः २४ तास असते आणि पुष्कळ जण पत्र चौथ्या दिवशी उघडतात. ‘जुनाच पासवर्ड चालेल, आठवत नसेल तर या पानावर ईमेल लिहा’ एवढे सांगावे. पाच वेळा पासवर्ड चुकला की ते खाते सहा तास अडवले जाते आणि एकाच इंटरनेट जोडणीवरून तासाभरात ५० वेळा चुकल्यास ती जोडणीच अडते. संस्थेच्या कार्यालयात मदतकक्ष ठेवून सभासदांना तेथल्या संगणकांवर बसवणार असाल, तर या दुसऱ्या मर्यादेची आठवण ठेवावी. पहिला आठवडाभर कार्यालयाच्या दूरध्वनीजवळ अशी व्यक्ती असावी जिला अडकलेले खाते मोकळे करता येते आणि जिला समोरच्याचे ऐकून घेण्याचा धीर आहे.

कार्यकारिणी बदलते त्या दिवसासाठी एक पानाची यादी आताच करून ठेवावी. विश्वस्त मंडळातील बदल महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो, हे संस्थांना ठाऊक असते आणि त्यासाठी धावपळही होते. संकेतस्थळावरील भूमिका मात्र वर्षानुवर्षे जुन्या नावांवर राहतात. बदल अर्जाच्या कागदांनाच ही यादी टाचून ठेवावी: मावळत्या कार्यवाहांची भूमिका उतरवली, नव्यांना दिली, कोषाध्यक्षांची बदलली, प्रशासकाची दोन खाती कोणाकडे आहेत ते लिहिले, डोमेनच्या नूतनीकरणाचा ईमेल पत्ता तपासला. त्या कागदावर दोन्ही कार्यवाहांनी सही करावी आणि तारीख घालावी.